निर्लेखित यंत्राचे दुसरे बिऱ्हाड

सरकारी अथवा निमसरकारी कचेरीत ज्याने हयातीची काही वर्षे घालविली आहेत, त्याला जडसंग्रह नोंदवहीचा महिमा निराळा सांगावा लागत नाही. खुर्ची असो, कपाट असो वा पंखा असो, प्रत्येक नग त्या वहीत एके दिवशी चढतो आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ‘निरुपयोगी’ असा शेरा घेऊन तीतून उतरतो. दरम्यानच्या काळात त्याने काय काम केले आणि पुढे तो काय करू शकला असता, यासाठी मात्र तीत रकाना नसतो. संगणकाच्या बाबतीत हा चढउतार विलक्षण त्वरेने घडतो. आयकराच्या नियमांनी त्यावर दरसाल 40 टक्के घसारा मान्य केलेला असल्यामुळे शंभर रुपयांचे यंत्र पाच वर्षांच्या अखेरीस हिशेबात आठ रुपयांचेही उरत नाही. आणि 2013 च्या कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची तर टेबलावरच्या संगणकाला अवघे तीन वर्षांचे उपयुक्त आयुष्य बहाल करते.

या कागदी आयुष्याविषयी माझे कुतूहल जागे झाले ते आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात. त्यांच्या टीव्हीच्या पाठीशी, भिंतीला लागून, अठरा सेंटिमीटर चौरस आणि जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडीची एक काळी पेटी स्क्रूंनी बसविलेली होती. टीव्हीवर एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट सुस्पष्ट चालला होता आणि पेटीच्या कडेवर कोण्या कचेरीची, नखाने अर्धवट खरवडलेली, मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी होती. जे यंत्र कुठल्याशा वहीतून बाद झाले, ते येथे चार माणसांचे मनोरंजन विनातक्रार करीत होते. हे कोणी जुळवून दिले, असे विचारता शेजाऱ्यांनी लॅमिंग्टन रोडचा पत्ता दिला.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेच्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी तेथील एकही दुकानदार ते उच्चारीत नाही. ज्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाने तो अद्याप ओळखला जातो, ते 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे 1940 साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ऊधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठावरील हे वृद्ध गृहस्थही हाताला जखमी झाले. आपले नाव पुढे तारा, चिप आणि चार्जर यांच्या बाजाराला चिकटून राहील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून शेजाऱ्यांनी सांगितलेल्या खोलीशी पोहोचण्यापूर्वीच तिचा वास आपल्याला गाठतो. डाग देताना जळणाऱ्या राळेचा धूर, बोर्ड पुसण्याच्या अल्कोहोलचा तीव्र दर्प, आणि या दोहोंच्या तळाशी तापलेल्या धुळीचा एक जडसा, कडवट गंध. खोलीतली पोरे जिला ‘ताई’ म्हणतात, ती पन्नाशी ओलांडलेली बाई भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेली असते. तिचे तारुण्य अंधेरीच्या सीप्झमध्ये गेले. निर्यातीचा इलेक्ट्रॉनिक माल बनविण्याकरिता 1973 साली उभारलेल्या त्या वसाहतीत, बोटांच्या सफाईखातर, स्त्रियांना मोठ्या संख्येने कामावर घेत. डाग देण्याचे शिक्षण तिने तेथे पाळीपाळीने घेतले, आणि कारखान्याचे दार बंद झाल्यावर ती विद्या घेऊन या रस्त्यावर आली.

तिच्याकडे येणारा माल कचेऱ्यांच्या लिलावांतून, ढिगाने येतो. त्या ढिगातून एक पेटी उचलली, पाठीमागचा एकुलता एक स्क्रू काढून झाकण सरकविले, की मल्टिमीटर, चिमटा वा ब्रश यांतील कशालाही हात लावण्यापूर्वी ताई ते यंत्र नाकाशी धरते. मला प्रथम हा प्रकार नाटकी वाटला. पण जळालेल्या भागाचा वास वर्षानुवर्षे जात नाही, आणि डोळ्यांना धडधाकट दिसणारा बोर्ड नाकाला खोटे सांगू शकत नाही, हे तिने दोन पेट्या माझ्या नाकाशी धरून पटवून दिले. धुळीचेही तिला वाचन येते. करड्या, लोकरीसारख्या गुंत्याचे यंत्र गालिचा घातलेल्या वातानुकूलित कचेरीतले, म्हणून बहुधा सुखात वाढलेले. पिठासारखी पांढरी धूळ असेल तर ते गोदामातले. आणि तेलकट, बोटाला चिकटणारी असेल तर उपाहारगृहाच्या गल्ल्यावरचे. “हे घेऊ नका काका,” एक चकचकीत पेटी बाजूला सारीत ती म्हणाली, “वरून पुसलंय नुसतं. आत खारी हवा गेलीय.” बोर्डाच्या कडेला, पोर्टांच्या धातूवर, हिरवट बुरशीसारखा थर खरोखरच होता.

गिऱ्हाइकाला तिचा पहिला प्रश्न किमतीविषयी नसतो. “टीव्ही कुठला? साधा एचडी की फोर-के?” याच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून. आणि दुसरे वाक्य ठरलेले: “पस्तीस वॉट. त्याच्यावर जायचं नाही.” इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर टी हे अक्षर येते, त्यांतील तिच्या कामाच्या बहुतेकांची उष्णतेची मर्यादा 35 वॉट ठरविलेली आहे, चौथ्या पिढीतले असोत, सहाव्या वा सातव्या, आकडा तोच. 2004 साली पेंटियम फोर जातीचे काही प्रोसेसर एकटेच 115 वॉटपर्यंत जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व उमगते. दिवाणखान्यातल्या यंत्राचा खरा शत्रू मंदगती नव्हे, गोंगाट होय. उष्णता कमी तर पंखा मंद, पंखा मंद तर नाटकातला हलका संवादही ऐकू येणार. पस्तीस वॉट हा आकडा ताई दर थोड्या वेळाने, कधी गिऱ्हाइकाला, कधी पोरांना आणि कधी स्वतःलाच उद्देशून, अशा निष्ठेने उच्चारते की पंचांगातला मुहूर्त सांगत असावी.

माझा टीव्ही फोर-के, म्हणून चौथ्या पिढीचे स्वस्त यंत्र तिने बाजूस ठेवले. आजकालची चित्रे एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने आवळून बांधलेली असतात. ती गाठ सोडविण्याचे स्वतंत्र सामर्थ्य चौथ्या पिढीच्या चिपमध्ये नाही, त्यामुळे सारा भार मुख्य प्रोसेसरवर येऊन पंखा आक्रंदू लागतो. जानेवारी 2017 मध्ये आलेल्या सातव्या पिढीत मात्र ते सामर्थ्य, दहा बिटांच्या रंगांसह, चिपमध्येच बसविलेले आहे. आणि गंमत अशी की नेमक्या याच पिढीवर बाजारात संक्रांत आलेली. विंडोज 11 च्या मान्य प्रोसेसरांची यादी, तुरळक अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हा कचेऱ्यांनी सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे ढिगांनी बाहेर काढली. त्यांचा दोष इतकाच की त्यांचे नाव एका यादीत नव्हते. मला या व्यवहारात यंत्रशास्त्राहून दप्तरशाहीच अधिक दिसते, आणि ते बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही.

निवडलेली पेटी लेनोवोच्या ‘टायनी’ वर्गातली, आत आय-फाइव्ह 7500टी. साफसफाई, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावणे, बोर्डावर तीन व्होल्टांचा नवा नाणेसेल बसविणे ही कामे पोरांनी चटकन उरकली. खरी मौज पुढे होती. हे यंत्र दिसायला टेबलावरचे असले, तरी अंतर्यामी ते लॅपटॉपच आहे: त्याला लॅपटॉपची रॅम चालते, लॅपटॉपचे वायफाय कार्ड चालते, त्याच कंपनीच्या लॅपटॉपचा 20 व्होल्टांचा अ‍ॅडॉप्टर चालतो, आणि मृत लॅपटॉपांचा या रस्त्यावर तुटवडा नाही. ताईने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढल्या. आठाची एकच का नको, असे मी विचारले. चित्र रंगविणारा भाग स्वतःची स्मृती बाळगीत नाही, तो मुख्य स्मृतीतूनच उसनवारी करतो. दोन पट्ट्या असल्या की ये-जा करण्यास दोन वाटा होतात, असा तिचा खुलासा. याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, 1960 साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या स्वदेशी संगणकाची मुख्य स्मृती 40 बिटांच्या 2048 शब्दांची होती. त्या डब्यातली एक पट्टी तिच्या चार लाखांहून अधिक पट माल साठविते, आणि ताई ती दातकोरणीच्या बेफिकिरीने चिमटीत धरते. मात्र बसविल्यावर रात्रभर तपासणीचा कार्यक्रम चालवून, एकही चूक न आढळल्याशिवाय, ती पट्टी गिऱ्हाइकाला रुजू होत नाही.

जुन्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याविषयी तिचे शास्त्र कडक आहे. चिप झिजत नाही, म्हणून प्रोसेसर जुना चालेल. रॅम तपासून चालेल. पेटीचा पत्रा तर चालेलच. पण जे फिरते, जे सुकते आणि ज्यावर लिहिले जाते, ते नवेच हवे. पंख्याच्या आसात तेलाचा थेंब सोडून तो ‘चालू’ करणारी दुकाने याच रस्त्यावर आहेत. ताई पंखा कानाशी धरते, क्षणभर ऐकते आणि भंगाराच्या पिंपात टाकते. एसएसडी ती कोऱ्या वेष्टनातली, पावतीसह घेते, कारण वर एक आकारमान छापून आत निराळे भरलेल्या नकली नगांनी तिचे हात पूर्वी पोळलेले आहेत.

जुन्या यंत्रांतल्या हार्ड डिस्कच्या तबकड्यांचे काय होते? ज्या कचेऱ्या यंत्रे विकतात त्यांतल्या कित्येक तबकड्या काढून घेण्याचीही तसदी घेत नाहीत. पगारपत्रके, वैद्यकीय रजेचे दाखले, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असा सारा ऐवज वजनावर विकला जातो. ताई त्या तबकड्या न उघडता ड्रिलखाली धरते आणि मधोमध भोक पाडते. कायद्याने तिच्यावर हे बंधन कोणी घातले असेल असे मला वाटत नाही. तिने ते आपणहून स्वीकारले आहे.

टीव्हीशी जोडणी करताना एक बारीक अडचण उद्भवली. पेटीला डिस्प्लेपोर्ट होते, टीव्हीला एचडीएमआय. फुटपाथवर मिळणारा स्वस्त कन्व्हर्टर लावला, तर फोर-केचे चित्र सेकंदाला तीसच चौकटी दाखविते आणि क्रिकेटचा चेंडू अडखळत सीमापार जातो. साठ चौकटींसाठी आत स्वतंत्र चिप असलेला ‘अ‍ॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर लागतो. ताईने आग्रहाने तो घ्यायला लावला. विंडोजऐवजी लिनक्स घातले, त्यावर चित्रपट-गाण्यांसाठी कोडी. हा कार्यक्रम 2003 च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राकरिता जन्मला आणि 2014 मध्ये त्याने सध्याचे नाव धारण केले.

उणिवा तिने लपविल्या नाहीत. लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये काही सशुल्क चित्रपटसेवा मुद्दाम हलक्या दर्जाचे चित्र देतात. टीव्हीच्या रिमोटने हे यंत्र हलत नाही, छोटा बिनतारी कीबोर्ड लागतो. एव्ही-वन ही आणखी नवी पद्धत चिपच्या बळावर पेलण्यासाठी अकरावी पिढी हवी. यावर कोणी म्हणेल की एवढा खटाटोप करण्यापेक्षा टीव्हीला खोचायची तयार कांडी काय वाईट? ज्याला दाखविले जाईल तेवढेच पाहायचे आहे, त्याने खुशाल कांडी घ्यावी. ज्याला आजोबांच्या कीर्तनाची ध्वनिफीत, स्वतःच्या संग्रहातला चित्रपट आणि गावच्या जमिनीचा सातबारा हे सारे एकाच पडद्यावर, कोणाच्या परवानगीवाचून पाहायचे आहे, त्याला संगणकच लागेल.

खर्चाचा तपशील असा: पेटी प्रोसेसरसह 6,200 रुपये, रॅम 1,100, नवी एसएसडी 1,900, अ‍ॅडॉप्टर 450, कन्व्हर्टर 750, पंखा, सेल, पेस्ट व मजुरी मिळून 550, आणि कीबोर्ड 850, एकूण 11,800. विजेचा मापक लावून पाहिला, तर चित्रपट चालू असता भिंतीतून 15 वॉटच्या आसपास ओढ होती. रोज चार तास धरले, तर महिन्याला दोन युनिटेही होत नाहीत. मी हा हिशेब सांगू लागताच ताईने मान न उचलता दुरुस्ती केली, “चिपला पस्तीस. ते लिहा.” सहा महिन्यांची हमी तिने बिलामागे हाताने लिहून दिली.

अ‍ॅडॉप्टर मात्र तिने अखेरीस नाकाशी धरून पाहिला, आणि त्यावरून तिची खरी कैफियत बाहेर आली. लिलावात पेट्या एका ढिगात येतात आणि अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या गोणीत, किंवा तांब्यासाठी त्यांच्या तारा छाटलेल्या असतात. जोडी जमेना की चांगले यंत्रही पत्र्याच्या भावाने जाते. जडसंग्रहाच्या किल्ल्या ज्यांच्या कनवटीला आहेत, त्या भांडारपालांना आणि कारकुनांना माझी एवढीच विनंती आहे: निर्लेखनाचा कागद खुशाल करावा, पण त्याआधी तबकडी काढून घ्यावी, आणि प्रत्येक पेटीचा अ‍ॅडॉप्टर तिच्याच अंगाला दोरीने बांधून द्यावा.