विमानाचे पाय : बाहेर येणे आणि उभे राहणे

विमानाला पायांची गरज किती वेळ असते, असा हिशेब मांडला तर उत्तर काहीसे विचित्र येते. धावपट्टीवरून उचलण्यापूर्वीचा काही काळ आणि परत टेकल्यानंतरचा काही काळ, एवढ्यासाठीच हे पाय. बाकी सर्व उड्डाणभर ते हवेला अडथळा करीत लोंबकळणारे ओझे. म्हणूनच पाय उड्डाणात आत ओढून घेण्याची कल्पना जुनी आहे. १९२० सालच्या गॉर्डन बेनेट शर्यतीत उतरलेल्या डेटन-राइट आरबी-१ या विमानाचे पाय मिटत असत. पुढे १९३० च्या दशकात विमानांचे वेग वाढले तसे मिटणारे पाय हा लढाऊ विमानांचा नियमच झाला.

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमाने बनविणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना वेगाची एवढी निकड नसते. आमची ओढ वेगळी. मूळ विमानाचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान करून जे विमान घडविले, ते आकाशात गेल्यावर मूळ विमानासारखे दिसावे. स्पिटफायर पाय पसरून उडताना दिसली, तर तिचे सारे सौष्ठव हरवते. त्यासाठी पाय मिटले पाहिजेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते परत उघडले पाहिजेत. या छंदात अनेक वर्षे रमलेला बालरोगतज्ज्ञ या नात्याने ही यंत्रणा कशी विचारपूर्वक घडवावी लागते, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. वाचक वैद्यकीय असल्यामुळे माझे काम निम्म्याने सोपे झाले आहे, हे पुढे दिसेलच.

प्रथम मूळ सिद्धांत पाहू. पाय बाहेर येणे ही एक क्रिया आहे आणि बाहेर आलेला पाय भार घेऊन उभा राहणे ही दुसरी. पहिलीसाठी थोडेसे बळ पुरते. विमान हवेत असते आणि पायावर फक्त त्याचे स्वतःचे वजन व वारा असतो. दुसरीसाठी मात्र संपूर्ण विमानाचा आघात सोसावा लागतो. नवशिक्याला वाटते, पाय हलविणारी मोटर दणकट घेतली की झाले. प्रत्यक्षात टेकण्याच्या क्षणी मोटरीवर भार मुळीच येता कामा नये. तो भार कुलुपाने घ्यावा, कुलुपाकडून सांगाड्याने घ्यावा.

आपण उभे राहतो ते असेच. गुडघा पूर्ण ताठ झाला की शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या अक्षाच्या किंचित पुढून जाते. भार जितका अधिक, तितका सांधा अधिकच ताठ होऊ पाहतो. मागील अस्थिबंध ताणून त्याला थोपवतात आणि मांडीचा चतुःशिर स्नायू जवळजवळ विश्रांती घेऊ शकतो. शेवटच्या काही अंशांत नडगीचे हाड किंचित बाहेरच्या अंगाला फिरून सांधा जणू किल्ली फिरवून बंद करते, आणि तो उघडण्यासाठी पॉप्लिटियस हा छोटासा स्नायू पुरतो. भाररेषा बिजागरीच्या पलीकडे नेणे, हेच विमानाच्या पायाच्या कुलुपाचेही मर्म आहे.

आमच्या पिढीतील बालरोगतज्ज्ञांनी याचा पुरावा वॉर्डात पाहिला आहे. पोलिओने चतुःशिर स्नायू गेलेले मूल हाताने मांडी मागे रेटून गुडघा ताठ करी आणि त्या ताठ पायावर भार देऊन पुढचे पाऊल टाकी. स्नायू नव्हता, पण कुलूप होते. म्हणून चालणे होते. ज्यांना तेही साधत नसे त्यांच्या कॅलिपरला गुडघ्याशी एक कडी असे. मूल उभे राहिले की कडी खाली सरकून सांधा बंद करी. बसताना ती बोटाने वर उचलावी लागे. भारतात नैसर्गिक पोलिओविषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. नव्या डॉक्टरांनी ती कडी बहुधा पाहिलेली नसेल. मिटणाऱ्या पायाच्या यंत्रणेचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

प्रतिकृती विमानात हे कुलूप असे घडवितात. पायाची वरची टोके एका धातूच्या ठोकळ्यात बसवितात आणि तो ठोकळा दोन समांतर पट्ट्यांमध्ये बिजागरीसारखा फिरतो. ठोकळ्यात एक तिरपी खाच, बाजूच्या पट्ट्यांत सरळ खाचा, आणि तिन्हींतून आरपार जाणारी एक पोलादी पिन. पिन सरळ ओढली की तिरप्या खाचेमुळे ठोकळा सुमारे ९० अंशांत फिरतो. खाचेची दोन्ही टोके मात्र अशी वळविलेली असतात की प्रवासाच्या अखेरीस पायाकडून येणारा रेटा पिनेच्या सरकण्याच्या दिशेला काटकोनात पडतो. पिन पायाला हलवू शकते, पाय पिनेला हलवू शकत नाही. खाच कानशीने घासताना अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई राहिली, तरी पायाच्या टोकाशी ती अनेक पटींनी वाढते. म्हणून हे काम हौशी हाताने न करता मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील चांगल्या कारागिराकडून करवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पिन ओढण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, १८० अंश फिरणारा खास सर्व्हो आणि तारेचा दांडा; हलक्या विमानांना तो पुरतो. दुसरा, दाबाखालील हवा. विमानातील लहान टाकीत पंपाने सुमारे ७ वातावरणांचा दाब भरतात. रक्तदाबाच्या भाषेत तो पाऱ्याचे ५,००० मिलिमीटर ओलांडतो. हवेची गती मूळ विमानासारखी संथ राखता येते, ही तिची खुबी. नळीच्या एखाद्या सांध्यातून होणारी गळती हे तिचे जुने दुखणे. तिसरा, विजेची मोटर आणि आटे असलेला दांडा. मोटर दांड्याला फिरविते व त्यावरील नट सरकतो; नट ढकलून दांडा उलट फिरत नाही, त्यामुळे वीज गेली तरी पाय असेल तेथे स्थिर राहतो. पाय शेवटाला टेकला की मोटरीचा विद्युत्प्रवाह वाढतो. ते ओळखून नियंत्रक तिला थांबवितो.

यातून निवड करताना एकच प्रश्न विचारावा : बिघाड झालाच तर पाय कोठे राहील? हवेच्या काही यंत्रणांत पाय वर नेण्याचे काम हवा करते आणि खाली आणण्याचे काम स्प्रिंग. टाकी रिकामी झाली तर पाय आपोआप खाली येऊन कुलपात बसतात. खऱ्या स्पिटफायरमध्येही मुख्य यंत्रणा निकामी झाल्यास पाय खाली ढकलण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची वेगळी बाटली असे.

आता घडीची भूमिती. स्पिटफायरचे पाय बाहेरच्या दिशेने पंखात मिटतात. पण उघडा पाय पुढे कललेला असतो आणि मिटल्यावर चाकाची जागा मात्र पंखाच्या मुख्य कण्यामागे असते. एवढ्यासाठी दोन बिजागऱ्या लागत नाहीत. एकच बिजागरी तिरपी बसवितात. कागदाची लांब पट्टी सरळ दुमडली तर ती स्वतःवरच येते, तिरपी दुमडली तर बाजूला वळते, हे घरी करून पाहावे. तिरपेपणाचा कोन कागदावर काढण्यापेक्षा पुठ्ठ्याचा नमुना करून ठरविणे अधिक भरवशाचे. कॉर्सेअर विमानाचा पाय मागे मिटतो आणि मिटताना चाक जवळजवळ काटकोनात फिरून आडवे होते. कोपर वाकवतानाच हाताचा तळवा फिरवावा तसे. थंडरबोल्टच्या १२ फुटांहून मोठ्या पंख्यासाठी पाय लांब हवे होते, परंतु पंखातील जागा अपुरी. म्हणून तिचा पाय मिटताना सुमारे ९ इंच आखूड होई.

दणका सोसण्याचा विचार वेगळा करावा लागतो. आठ किलोचे विमान १५ सेंटिमीटरवरून सरळ खाली पडले असे धरू. पायात काहीच लवचिकता नसेल आणि सारे मिळून ३ मिलिमीटर दबले, तर सरासरी बल विमानाच्या वजनाच्या सुमारे ५१ पट येते. पायातील नळीत स्प्रिंग घालून २ सेंटिमीटर दबण्याची सोय केली तर तेच साडेआठ पट होते. ४ सेंटिमीटर दिली तर पाचपटीच्या आत येते. म्हणजे पाय नुसता दणकट करून उपयोग नाही. न दबणारा पाय मोडत नाही, पण तो दणका पंखाच्या फासळ्यांकडे पाठवितो. शक्य तेथे पायाच्या बैठकीचे स्क्रू नायलॉनचे वापरावेत. अतिरेकी आघातात ते तुटतात आणि पंख वाचतो.

प्रमाणाचा नियम येथे अडचणीत आणतो. स्पिटफायरची पंखरुंदी ११.२३ मीटर. पंचमांश प्रतिकृतीची सव्वादोन मीटर होते. वजन घनाच्या प्रमाणात उतरते, म्हणून २,७०० किलोंचे विमान १२५ ने भागून २१-२२ किलो यावे. आम्ही मात्र ते ८ ते १० किलोंतच घडवितो. चाक सुमारे १२ सेंटिमीटरचे होते. परंतु मैदानावरचे गवत आणि खडे पाचपट लहान होत नाहीत. मूळ विमानाला जी किरकोळ उंचवटी, ती आमच्या चाकाला पायरी. त्यामुळे मूळ रेखाचित्राशी इमान राखूनही चाकाचा आस थोडा पुढे ठेवावा लागतो, नाहीतर विमान नाकावर आपटते. मूळ विमान प्रत्यक्ष पाहायचे तर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर ठेवलेली आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर घाई नको. पाय किमान ५० वेळा मिटवून उघडावेत. पूर्ण भारलेल्या आणि अर्ध्या उतरलेल्या, अशा दोन्ही बॅटऱ्यांवर. मग विमान उलटे धरून, तिरपे धरूनही तेच करावे. पाय उघडल्यावर त्याला हाताने मिटण्याच्या दिशेने जोर लावावा. तो किंचितही हलता कामा नये. त्यानंतर १५ सेंटिमीटरवरून गवतावर सोडून पाहावे. पहिल्या उड्डाणात पाय खालीच ठेवावेत. ५ मार्च १९३६ रोजी स्पिटफायर प्रथम आकाशात गेली तेव्हा तिचेही पाय खाली बंद करूनच ठेवले होते.

प्रवासी विमानाच्या चालकापुढे हिरवे दिवे लागतात ते पाय बाहेर आल्याचे नव्हे, तर कुलूप बसल्याचे चिन्ह म्हणून. आमच्या विमानाला असा दिवा नसतो. शंभर मीटरवरून पाय बाहेर आलेला दिसतो. तो बंद झाला आहे की नुसता लोंबतो आहे, हे डोळ्यांना कळत नाही. तेथे विश्वास ठेवावा लागतो तो कार्यमेजावर घासलेल्या त्या तिरप्या खाचेवर. ती नीट असेल, तर उतरताना मोटरीला करण्यासारखे काही उरत नाही, आणि तसेच असावे.