किनाऱ्यावरचा कचरा येतो कोठून?



आपल्या गावाला सुंदर समुद्रकिनारा लाभला आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. मीही लिहिले होते. पण आश्विन शुद्ध पंचमीला, शनिवारी, गुरुजींनी आम्हा सातवीच्या मुलांना पुळणीवर कचरा गोळा करायला नेले. तेव्हा कळले की निबंधातला किनारा वेगळा आणि खरा वेगळा.

किनारा साफ करायला जायचे तर आधी पंचांग बघावे लागते. ओहोटी असली की पुळण मोकळी मिळते. आमचे आजोबा वेळ काढायची रीत सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. म्हणून आम्ही आठ वाजता, पाणी मागे हटू लागल्यावर गेलो.

भरतीचे पाणी जिथवर चढते तिथे कचऱ्याची लांबच लांब ओळ पडलेली असते. त्यातले शेवाळ, काटक्या, शिंपले हा कचरा नव्हे. ते समुद्राचे आहे, तिथेच ठेवायचे. उचलायचे ते माणसाचे. बाटल्या, पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, तुटकी जाळी आणि चपला. चपला मात्र नेहमी एकेकट्याच! काच किंवा सुई दिसली तर हात लावायचा नाही, गुरुजींना हाक मारायची. जाळे वाळूत रुतलेले असेल तर खेचायचे नाही, आधी भोवतीची वाळू काढायची. दोन तासांत आम्ही अकरा गोणी भरल्या.

आम्हाला वाटत होते, ही घाण जहाजांतून नाहीतर मुंबईहून वाहत येते. मीच मोठमोठ्याने तसे सांगत होतो. तेवढ्यात माझ्या मित्राने वाळूतून एक खताची गोणी ओढून काढली. तिच्यावर निळ्या रंगात माझ्या बाबांचे नाव! भात गिरणीवर नेताना अदलाबदल होऊ नये म्हणून बाबा गोण्यांवर नाव घालतात. मुलांनी नाव वाचले आणि सगळी हसली. मी हसलो नाही. कारण ती गोणी आषाढात मीच टाकली होती. आई म्हणाली, "कचरा टाकून ये रे," आणि मी गोणी भरून साकवावरून वहाळात सोडली. पाण्याला ओढ होती. बघता बघता गेली. मला वाटले, संपले काम.

पण संपत काहीच नाही. वहाळ नदीला मिळतो, नदी खाडीला, खाडी समुद्राला. आणि भरती आली की समुद्र आपले आपल्याला परत आणून देतो. प्लास्टिक कुजत नाही. उन्हाने आणि लाटांनी त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, ते मासे गिळतात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, म्हणून ते ती खाऊन बसते.

गुरुजींनी आम्हाला मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याची हकिगत सांगितली. तिथे ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथूर असे दोघेच कचरा उचलू लागले. दर आठवड्याला जात राहिले. मग कोळीवाड्यातली माणसे, शाळेतली मुले असे करत शेकडो हात लागले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांचा गौरव केला. आणि मार्च २०१८ मध्ये त्याच पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले अंड्यांतून निघून समुद्राकडे चालत गेली! पण मला पटले ते पुढचे. किनारा कितीही झाडला तरी पाऊस नवा कचरा आणतोच, म्हणून शाह पुढे मिठी नदीही साफ करू लागले. घरात पाणी साचले तर नुसते पुसून काय उपयोग? आधी गळणारे कौल बघायला हवे.

त्या दिवशी मी ती गोणी घरी आणली. बाबा आधी रागावले. म्हणाले, "सगळेच टाकतात, आपल्या एकट्याने काय होणार?" मी म्हटले, "सगळ्यांच्या गोण्यांवर नाव नसतं बाबा, आपल्या आहे." बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात ओल्या कचऱ्यासाठी खड्डा खणला. आता तीच गोणी धुऊन पडवीत टांगली आहे. बाटल्या-पिशव्या तिच्यात जमवतो. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो.

मित्रांनो, आपण सहामाहीनंतर पुन्हा पुळणीवर जाणार आहोत. या वेळी थोडा वेळ वहाळही साफ करू या. आणि पालकहो, आज तुम्ही शाळेत आलात ते साकवावरूनच. घरी जाताना जरा थांबून खाली वाकून बघा. आपल्या घरातले काही ओळखीचे दिसते का?

— इयत्ता ७ वी