पुन्हा 'चंद्रकांता'

काही पुस्तके अशी असतात की, ती आपण वाचली आहेत हे चारचौघांत सांगताना माणूस थोडा हात राखून बोलतो. बाबू देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी त्यांपैकीच एक. राजकुमार, राजकन्या, वेषांतर करणारे ऐयार, भुयारे, खजिने आणि दर चार पानांआड कोणी ना कोणी बेशुद्ध पडलेले! हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या आचार्य रामचंद्र शुक्लांनी खत्रींच्या कादंबऱ्यांविषयी दोन गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. पहिली, त्या वाचता याव्यात म्हणून उर्दूवर पोसलेले असंख्य लोक हिंदी शिकले. दुसरी, त्यांत नुसत्या घटनाच आहेत, जीवनाचे चित्रण नाही. म्हणून त्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत. पहिल्या विधानाविषयी वाद नाही. दुसऱ्याविषयी मात्र, तीन तपांहून अधिक काळाने ही कादंबरी पुन्हा वाचल्यावर, चार शब्द लिहावेसे वाटतात.

पहिले वाचन १९८७ सालचे. बँकेत अधिकारी म्हणून नुकताच लागलो होतो आणि पूर्व उत्तर प्रदेशातील एका शाखेत नेमणूक झाली होती. माझी हिंदी मुंबईच्या चित्रपटांतून आलेली. शाखेतल्या लोकांना तिची गंमत वाटे. तेव्हाच्या मुगलसराय स्थानकावर गाडीची वाट पाहताना पुस्तकांच्या गाड्यावर ही कादंबरी मिळाली. भाषा सुधारेल, एवढ्याच हेतूने घेतली आणि पहाटेपर्यंत वाचत राहिलो. शुक्लांच्या त्या असंख्य लोकांत एका मराठी माणसाची भर पडली म्हणायची.

खत्रींचा जन्म १८६१चा, बिहारमधील पूसा गावचा. ते पेशाने साहित्यिक नव्हते. गयेला व्यापार केला, मग काशीत स्थायिक झाले आणि चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला. त्या डोंगरदऱ्यांत, पडक्या गढ्यांमधून हिंडताना त्यांना ही कथा सुचली, असे सांगतात. १८८८मध्ये 'चंद्रकांता' प्रसिद्ध होऊ लागली. पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग निघाले आणि खत्रींनी काशीत स्वतःचा 'लहरी प्रेस' काढला. ऐयार आणि तिलिस्म ही त्यांची निर्मिती नव्हे. ती अमीर हमजाच्या दास्तानांमधून आली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने 'तिलिस्मे होशरुबा' १८८३पासून छापायला घेतले होते. खत्रींनी ती सामग्री उचलली आणि साध्या, बोलत्या हिंदीत, नागरी लिपीत मांडली.

मराठीला हा मासला नवा नव्हता. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. पण 'चंद्रकांता' उत्तरेत घरोघर पोहोचत होती, त्याच सुमारास, १८९०पासून, आपल्याकडे हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहीत होते. अद्भुतरम्य कादंबरी त्यानंतरही चालली, नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ची आहे. परंतु तिची जागा माजघरातून पोटमाळ्यावर गेली. तिच्याबद्दल बोलताना आपला सूर नकळत वडीलकीचा होतो.

विशीत ही कादंबरी वाचताना एकच प्रश्न असतो : पुढे काय? नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे लग्न होणार की नाही? कपटी क्रूरसिंह आणि त्याला हाताशी धरणारा चुनारचा राजा शिवदत्त यांचे डाव कसे उधळले जाणार? दुसऱ्या वाचनात शेवट ठाऊक असतो आणि नजर आजूबाजूला फिरायला मोकळी होते.

मग पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, या अद्भुत कथेत चमत्कार जवळजवळ नाहीत. देव प्रकट होत नाही, भूत मदतीला येत नाही. खंडहरातला बगळा माणसाला गिळतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण शेवटी खत्री त्यामागची कळ उलगडून दाखवतात. ऐयाराच्या बटव्यात मंत्र नसतो. बेशुद्ध करण्याची भुकटी असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखा असतो. एरवी लागतात ते दोर, खंजीर, रंग आणि डोके. तिलिस्म म्हणजे पूर्वजांनी बांधून ठेवलेली यंत्रणा. ती तोडायची कृतीही लिहिलेली सापडते. शिवाय खत्री प्रास्ताविकात म्हणतात त्याप्रमाणे, ऐयारांच्या चातुर्यामुळे राजांची भांडणे रक्तपाताविना मिटत. ऐयाराने ऐयाराला मारायचे नाही, फार तर कैद करायचे, हा त्यांचा दंडक.

दुसरी गोष्ट चपलेची. चंद्रकांता ही नायिका खरी, पण कथा पेलते ती तिची सखी चपला. ती स्वतः ऐयार आहे. सुटका करते, शत्रूला फसवते, तेजसिंहाच्या बरोबरीने उभी राहते. १८८८ साली अशी नोकरीपेशातली, आपल्या हुन्नरावर जगणारी तरुणी लोकप्रिय कादंबरीत सहज वावरते, याचे आज नवल वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या कादंबरीत प्रत्येकाला एकच धास्ती आहे : समोर उभा आहे तो तोच आहे का? कोणीही कोणाचेही सोंग घेऊन येतो, म्हणून मित्र मित्राला खुणेचा शब्द विचारतो. सगळ्यांवर कडी करणारा तेजसिंहसुद्धा साधूच्या वेषातला सिद्धनाथ म्हणजे आपले वडील जीतसिंह, हे ओळखत नाही. आणि वीरेंद्रसिंहाला जंगलात वनकन्या भेटते. मन तिच्याकडे ओढ घेते आणि त्याच वेळी चंद्रकांतेशी प्रतारणा होते म्हणून तो आतून झुरतो. शेवटी कळते की, वनकन्या म्हणजेच चंद्रकांता.

तरुणपणी वाटते, लेखकाने छान चकवले. साठीनंतर त्याच पानांवर रेंगाळायला होते. संसाराची चाळीस वर्षे उलटलेल्या कोणालाही विचारा. ज्या व्यक्तीशी लग्न केले ती मध्ये कधीतरी निराळीच होते. आजारपणाने, मुलांच्या काळजीने, कधी नुसत्या काळाने. तिच्याशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते आणि प्रेमही पुन्हा, नव्याने बसावे लागते.

बँकेत आमचे निम्मे काम ओळख पटवण्याचेच. धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडून पाहायची. निवृत्तिवेतनधारकांच्या रांगेत दर महिन्याला कोणीतरी असा असे, की हात कापू लागल्याने सही जुळत नसे. नियमाने तो माणूस तो नव्हता आणि तो तर समोर उभा होता, घामाघूम. कागदावरची खूण आणि माणूस यांतले हे अंतर खत्रींना पुरते उमगले होते, असे आता वाटते.

आणि ऐयारी सरली असेही नाही. माझ्या एका स्नेह्यांना त्यांच्या परगावच्या मुलाच्या आवाजात फोन आला : अडचणीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा. आवाज हुबेहूब, रडणेही हुबेहूब. मुलगा मात्र आपल्या कचेरीत कामात गढलेला. आता घरातल्या माणसांनी आपसांत एक गुप्त शब्द ठरवून ठेवावा, असा सल्ला जाणकार देतात. तेजसिंह याहून वेगळे काय करीत होता?

कादंबरीत न पटण्याजोगे पुष्कळ आहे. चांगले ते सगळे चांगले, वाईट ते ठार वाईट. क्रूरसिंहाचे कपटी ऐयार नाजिम आणि अहमद हेच असावेत, हे आज खटकते. चंद्रकांतेच्या वाट्याला अश्रू फार आणि बोलणे थोडे येते. शुक्लांचा आक्षेप निराधार नाही, एवढे मान्य करावे लागते.

पण जीवनाचे चित्रण म्हणजे केवळ घरदार, गरिबी आणि भाऊबंदकी नव्हे. आपल्या माणसाला दहा सोंगांतून ओळखता येईल का, ही भीतीही जीवनातलीच आहे आणि ती खत्रींच्या पानापानांत आहे. तेव्हा वाचकांनो, तारुण्यात वाचून ठेवलेली अशी एखादी 'हलकी' कादंबरी पोटमाळ्यावर असेल तर खाली काढा. ती पुन्हा वाचायला योग्य वय लागते आणि आपल्यापैकी बहुतेकांचे ते आता झाले आहे.