डेक खालून पाहावा

डेक म्हटलं की आपल्याला बोटीचा डेक आठवतो. अमेरिकेत मात्र डेक घराला असतो. मागच्या दाराबाहेर, परसाच्या बाजूला, जमिनीपासून उचललेली फळ्यांची मोकळी बैठक म्हणजे डेक. आपल्या पडवीची बहीण म्हणा हवं तर; पण या बहिणीच्या डोक्यावर छप्पर नाही. ऊन, पाऊस आणि हिवाळ्यातला बर्फ, सगळं थेट फळ्यांवर. आमच्या कोकणात कोणी लाकूड असं उघड्यावर टाकलं असतं तर आजोबांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तिथे मात्र ते घरोघर असतं, आणि नीट बांधलं तर वीस-पंचवीस वर्षं टिकतंही.

माझी लेक न्यू जर्सीत राहते. २०१८ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तो नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी. तीस माणसांना आमंत्रणं गेली होती आणि बेत सगळा डेकवर. डेक बारा फूट बाय सोळा फूट, जमिनीपासून साडेचार फूट उंच. आदल्याच वर्षी जावयांनी त्यावर नव्या फळ्या घालून घेतल्या होत्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या, महागाच्या. दिसायला झकास. पण ज्याची हयात बांधकामात गेली त्याचं वरून बघून समाधान होत नाही. मी बॅटरी घेतली आणि खाली शिरलो.

डेकची रचना तशी सोपी असते. घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी जोडतात, तिला तिथे लेजर म्हणतात. समोरच्या बाजूला खांब आणि त्यांवर तुळई. लेजरपासून तुळईपर्यंत सोळा-सोळा इंचांवर कड्या टाकतात आणि कड्यांवर फळ्या. म्हणजे डेकचा जवळजवळ अर्धा भार त्या एका लेजरवर लटकलेला असतो. तिथले नियम दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरायला सांगतात. आमच्या डेकचे १९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेतीन टन. त्यातले पावणेदोन टन लेजरने पेलायचे.

मी खिशातला चाकू लेजरला टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा! आणि ती कुजकी फळी भिंतीला धरून होती ती नुसत्या खिळ्यांनी.

बाहेर येऊन मी सांगितलं, “या डेकवर आता कोणी जायचं नाही.” लेकीचा चेहरा पडला. जावई म्हणाले, “बाबा, अहो गेल्याच वर्षी एवढा खर्च केलाय!” खर्च केला होता, पण वरच्या कातडीवर. ज्याने फळ्या बदलल्या त्याला जुन्या फळ्या उचलताना हे सगळं दिसलं असणार. तो बोलला नाही आणि यांनी विचारलं नाही.

मी उगाच भेदरलो नव्हतो. कॅलिफोर्नियात बर्कली इथे १६ जून २०१५ रोजी एका इमारतीचा लाकडी सज्जा वाढदिवसाची पार्टी चालू असतानाच तुटला आणि सहा तरुण मुलं गेली. सज्ज्याच्या कड्या आतून कुजल्या होत्या. वरून कोणालाच काही दिसलं नव्हतं.

आता हे कुजणं होतं कसं? लाकूड भिजलं म्हणून लगेच कुजत नाही. ते भिजून वाळत राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं. कुजवते ती बुरशी, आणि लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. संकट येतं ते पाणी जिथे शिरतं आणि बाहेर पडत नाही तिथे. आमच्या डेकला ती जागा होती लेजर आणि भिंत यांमधली फट. आपल्या जुन्या घरांत खांब कधी मातीत पुरलेला बघितलात? त्याच्या खाली दगडी तळखडा असतो, आणि पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून वाशांची टोकं पुढे काढलेली असतात. म्हाताऱ्यांना बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पाणी कुठे थांबतं हे पक्कं ठाऊक होतं.

वाढदिवस गवतावर झाला. लेक दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. मग आम्ही परवाना काढून कामाला लागलो.

पहिला प्रश्न पायाचा. तिथे थंडीत जमीन गोठते. मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि उथळ पाया वर उचलतं. वसंतात तो खाली बसतो, पण होता तस्सा नाही. म्हणून गोठणाऱ्या थराच्या खाली, म्हणजे तिथे सुमारे तीन फूट, जावं लागतं. काँक्रीट ओतण्याआधी सरकारी तपासनीस येऊन खड्डा मोजून गेला. खांब काँक्रीटमध्ये न पुरता त्यावर धातूची बैठक ठेवून उभे केले. अमेरिकन तळखडाच तो!

लाकूड तिथे पाइनचं, दाबाखाली औषध मुरवलेलं. २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती कामाच्या लाकडातही आर्सेनिक असलेलं औषध वापरत. ते थांबलं आणि जास्त तांबं असलेली औषधं आली. तांबं बुरशीला मारतं, पण साध्या लोखंडालाही खातं. म्हणून बोल्ट, खिळे, कड्यांचे टेकू, सगळं वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं घ्यावं लागतं, नाहीतर स्टेनलेस स्टीलचं. औषध लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचतंच असंही नाही, तेव्हा फळी कापली की कापलेल्या टोकाला ब्रशने पुन्हा औषध लावायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि हमखास टाळलं जातं.

नवा लेजर अर्ध्या इंची बोल्टांनी घराच्या सांगाड्यात आवळला. त्याच्या डोक्यावर पत्रा बसवायचा होता. पत्र्याची वरची कड भिंतीच्या आवरणामागे जाते, पत्रा लेजरवरून वळतो आणि पुढे खाली उतरतो. वरचं कौल खालच्यावर येतं ना, तेच तत्त्व. मी मोठ्या ऐटीत अॅल्युमिनियमचा पत्रा आणला. अॅल्युमिनियम गंजत नाही, हे माझं चाळीस वर्षांचं ज्ञान! बोल्ट परत करायला दुकानात गेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने सहज विचारलं, पत्रा कुठला लावताय? मी सांगितलं. तो हसला. औषधातलं तांबं ओलाव्यात अॅल्युमिनियमला भोकं पाडतं, म्हणाला. मुकाट्याने व्हिनाइलची पट्टी घेऊन आलो. घरी ही गोष्ट मी बरेच दिवस सांगितली नव्हती.

कड्यांच्या डोक्यांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे स्क्रूच्या भोकांतून पाणी आत उतरत नाही. जावयांच्या त्या महागाच्या फळ्या जपून काढल्या होत्या, त्याच परत घातल्या. कठडा तीन फुटांचा. दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये असा नियम आहे. नातू तोवर सगळीकडे डोकं घालून बघू लागला होता, त्यामुळे या नियमावर घरात कोणी वाद घातला नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आरतीला बावीस माणसं त्या डेकवर उभी होती. मी टाळ घेऊन खाली गवतावर, लेजरकडे बघत. सवय जात नाही.

आता काम एवढंच उरलं आहे, की शरद ऋतूत पानं गळतात ती फळ्यांच्या फटींतून काढायची, कारण तीच पाणी धरून ठेवतात. आणि दर एप्रिलला बर्फ गेला की लेक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डेकखाली शिरते, लेजरला चार ठिकाणी टोचून बघते आणि तिथूनच मला फोन लावते. यंदाही टोक आत गेलं नाही.