मोगाव लेणी : दर्शन आणि रक्षण

चीनच्या कान्सू प्रांतातील तुन्‌हुआंग या मरूद्यानाजवळ मोगाव लेणी आहेत. परंपरेनुसार इ. स. ३६६ मध्ये एका बौद्ध भिक्षूने येथील पहिली गुहा कोरविली. पुढे सुमारे सहस्र वर्षे राजे, व्यापारी व यात्रिक यांच्या दानावर हे कार्य चालले. चित्रे व मूर्ती असलेल्या ४९२ गुहा आज तेथे आहेत.

रेशीम मार्ग ओस पडल्यावर हे स्थान विस्मृतप्राय झाले. १९०० मध्ये वांग युआन्‌लू या ताओपंथी साधूस भिंतीआड दडविलेला ग्रंथसंग्रह सापडला. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन व १९०८ मध्ये पॉल पेलियो यांनी त्यातील पुष्कळ ग्रंथ युरोपात नेले, इ. स. ८६८ मधील मुद्रित 'वज्रच्छेदिका' त्यांपैकीच होय.

१९८७ मध्ये जागतिक वारसा ठरल्यावर प्रवाशांची रीघ लागली. परंतु त्यांच्या श्वासोच्छ्‌वासाने गुहेतील आर्द्रता वाढते, भिंतीतील क्षार विरघळून पुन्हा स्फटिकरूप होतात आणि रंगलेप सुटू लागतो. म्हणून २०१४ पासून प्रेक्षकांस प्रथम चित्रपटाद्वारे परिचय करून देऊन नंतर मोजक्याच गुहा दाखविण्याची व्यवस्था झाली. अजिंठ्याची चित्रेही मातीच्या गिलाव्यावरच रेखाटलेली असल्याने दर्शन व रक्षण यांतील हा विरोध आपणांसही विचारणीय आहे.