नवे मासे आणले आणि जुनेच आजारी पडले? फिशटँकमध्ये नेमकं काय बिघडतं, समजून घ्या

रविवारी क्रॉफर्ड मार्केटला किंवा जवळच्या दुकानात चक्कर होते. घरातल्या फिशटँकमध्ये पाच-सहा मासे आहेत, अजून चार आले तर काय बिघडलं, असं म्हणत पिशवी घरी येते. मुलं खूश, टाकीही भरल्यासारखी दिसते.

गुरुवारपर्यंत चित्र बदलतं. दोन वर्षं ठणठणीत असलेला मासा कोपऱ्यात उभा राहतो, खात नाही. दुसऱ्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. तिसरा वर येऊन तोंड उघडमिट करतो. मग घाईघाईत सगळं पाणी बदललं जातं, आणि दुसऱ्या दिवशी एक मासा मरतो.

हे बहुतेक प्रत्येक नव्या फिशटँकवाल्याच्या घरी एकदा तरी घडतं. पण आजार नवे मासे घेऊन आले असतील, तर जुने का मरतात? आणि उरलेल्यांना वाचवता येतं का?

एकाच वेळी दोन गोष्टी बिघडतात

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या खडीत राहणारे उपयोगी जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. हे जीवाणू टाकीत जेवढे मासे असतात, तेवढ्यांनाच पुरतील इतके वाढलेले असतात. अचानक चार मासे वाढले की ते कमी पडतात आणि अमोनिया साचतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण माशांचे कल्ले त्यात पोळत असतात. नवी टाकी असेल तर हे जीवाणू पुरेसे वाढायलाच साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे संसर्ग. सगळ्यात जास्त आढळतो तो 'व्हाइट स्पॉट', म्हणजेच 'इच'. इक्थिओफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. नव्या माशाच्या कल्ल्यांत हे परजीवी लपलेले असतील, तर दुकानात काहीच दिसत नाही. शिवाय ज्या माशाला हा आजार आधी होऊन गेला आहे, त्याच्यात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. तुमच्या जुन्या माशांची या परजीवीशी कधी गाठच पडलेली नसते. त्यात अमोनियाने ते अशक्त झालेले असतात. म्हणून पाहुणा तगतो आणि घरचा मासा आडवा होतो.

लक्षणांवरून काय ओळखायचं?

- सगळेच मासे एकाच वेळी वर येऊन धापा टाकतायत, कल्ले लालसर दिसतायत : आधी पाण्यावर संशय घ्या.
- अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांएवढे ठिपके, मासा दगडाला अंग घासतोय : व्हाइट स्पॉट.
- अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखं : वेल्व्हेट नावाचा दुसरा परजीवी.
- तोंडाजवळ कापसासारखा थर, पर कुरतडल्यासारखे : जीवाणू किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो.

अंदाजापेक्षा टेस्ट किट बरं. थेंब टाकून रंग बघायचा असतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.

पहिल्या दिवशी काय करायचं?

औषधाआधी पाणी बघा. टाकीतलं २५ ते ३० टक्के पाणी बदला, सगळं नाही. नवं पाणी साधारण त्याच तापमानाचं असावं आणि त्यात अँटी-क्लोरीन घातलेलं असावं. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि उपयोगी जीवाणूंना, दोघांनाही मारतं. अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज असंच थोडं थोडं पाणी बदलत राहा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. लाइट गेली तर मगने टाकीतलंच पाणी थोड्या उंचीवरून परत सोडत राहिलं, तरी तात्पुरता ऑक्सिजन मिळतो. दोन दिवस खाणं बंद ठेवा. मोठ्या निरोगी माशांना एवढ्या उपवासाने काही होत नाही.

मेलेला मासा लगेच बाहेर काढा.

औषध कधी चालतं, कधी नाही?

अंगावर ठिपका दिसतो, तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो आणि तिथे औषध पोचत नाही. काही दिवसांनी तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकतं. म्हणूनच 'दोन दिवसांत ठिपके गेले' म्हणून औषध थांबवलं, की आठवड्याभरात आजार दुप्पट जोराने परततो. उपचार साधारण १० ते १४ दिवस चालू ठेवावे लागतात.

पाणी कोमट असेल तर हे चक्र लवकर फिरतं, त्यामुळे उपचारही लवकर संपतो. उष्ण पाण्यातले मासे असतील तर हीटरने तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेतात. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि अमोनियाही जास्त घातक होतो. त्यामुळे आधी अमोनिया शून्यावर, मगच हीटर. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे, त्याच्यावर हा प्रयोग नको.

मिठाचाही उपयोग होतो, पण मोजून. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून १००० ने भागा. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची होते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर पाणी धरा ४५ लिटर. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ९० ग्रॅम खडे मीठ लागेल. ते पाण्यात विरघळवून दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांत घाला. मीठ उडून जात नाही, त्यामुळे जेवढं पाणी बदललं, तेवढ्यापुरतंच पुन्हा घालायचं. कोरीडोरससारखे तळाशी राहणारे मासे, निऑन टेट्रा आणि जिवंत वनस्पती यांना मीठ सोसत नाही.

दुकानातलं मॅलाकाइट ग्रीनचं औषध घ्याल, तर फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. खवले नसलेल्या माशांना हे औषध कडक पडतं. दोन-तीन औषधं एकत्र ओतणं तर टाळाच. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालताना हातमोजे वापरा.

पुढच्या वेळी काय करायचं?

साधी २० लिटरची बादली, एक स्पंज फिल्टर, वर झाकण आणि वेगळी जाळी, एवढं पुरतं. नवे मासे दोन ते चार आठवडे त्यात ठेवा. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग मासा जाळीने काढा. पिशवीतलं दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. एका वेळी दोनच मासे वाढवा.

आणि मासे नकोसे झाले तरी नदीत, तळ्यात सोडू नका. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात अडकणारा सकर मासा मूळचा फिशटँकमधलाच आहे.

दुकानात मासा निवडायला पाच मिनिटं लागतात. बादलीतले ते तीन आठवडे जुन्या माशांसाठी असतात.