दांतांची घरची निगा

वर्षांतून एकदोन वेळां दंतवैद्याकडे जाणारें कुटुंब आरोग्याविषयीं दक्ष समजलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु या भेटींचा सारा वेळ एकत्र केला तरी तो फार तर तासदीड तास भरेल. वर्षाचे उरलेले सर्व दिवस दांत घरच्यांच्याच स्वाधीन असतात, आणि दाढ पोखरली जाणें किंवा हिरड्या सैल होणें हे सारे व्यापार याच दिवसांत गुपचूप चाललेले असतात. दंतवैद्य झालेली हानि भरून काढतो. ती होऊं न देण्याचें काम मुख्यतः न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत होतें.

दांताला ‘कीड’ लागते हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे कीं, एखादा किडाच आंत शिरून दांत कुरतडतो, ही समजूत अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. खरा प्रकार निराळा आहे. १६८३ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या आन्तोनी व्हान लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलें. हा गृहस्थ रोज सकाळीं मिठानें दांत घांसून चूळ भरी व दाढा फडक्यानें पुशी. तरीहि दांतांच्या फटींत त्याला पिठाच्या लगद्यासारखा पांढरा पदार्थ आढळला, आणि तो पाण्यांत कालवून स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं ठेवतांच त्यांत असंख्य चिमुकले जीव वळवळतांना दिसले. स्वच्छ म्हणविणाऱ्या तोंडांतलें हें पहिलें दर्शन होय. पुढें १८९० मध्यें, बर्लिन येथें काम करणाऱ्या विलबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें या जंतूंचा आणि कीड लागण्याचा संबंध उलगडून दाखविला. जंतु दांत खात नाहींत. ते माणसानें खाल्लेली साखर व पिष्ट खातात आणि मागें आम्ल ठेवतात. त्या आम्लांत दांत विरघळतो.

दांताचें बाहेरील कवच, म्हणजे इनॅमल, हा मानवी शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या वजनापैकीं सुमारें ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. परंतु इनॅमल घडविणाऱ्या पेशी दांत हिरडीबाहेर येतांच नाहींशा होतात, म्हणून गेलेलें इनॅमल शरीर पुन्हा निर्माण करूं शकत नाहीं. सुदैवानें थोडीशी झीज मात्र भरून निघते. गोड खाल्ल्यावर कांहीं मिनिटांतच दांतांवरील थरांत आम्ल वाढतें व खनिज सुटूं लागतें. नंतर अर्ध्याएक तासांत लाळ त्या आम्लाचा जोर मोडते आणि तिच्यांतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दांतांत मुरतात. हा जमाखर्च दिवसभर चालूं असतो. खर्च जमेपेक्षां वाढला कीं प्रथम खडूसारखा पांढरा डाग दिसतो. तेथवर गोष्ट बहुधा परतीची असते. पृष्ठभाग ढासळून खांच पडली, कीं घरगुती उपायांची हद्द संपली.

या जमाखर्चांत साखर किती यापेक्षांहि ती किती वेळां आणि कशा रूपानें, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ही गोष्ट ज्या प्रयोगानें सिद्ध झाली, त्याची हकीकत मात्र सुखाची नाहीं. स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म येथील मनोदुर्बलांच्या संस्थेंत १९४५ ते १९५३ या काळांत तेथील रहिवाशांना निरनिराळ्या रीतीनें साखर देण्यांत आली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दांतांची हानि थोडी झाली. जेवणांच्या मधल्या वेळेंत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दांत मात्र भराभर किडले. ज्यांचे दांत गेले त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारलें असतें तरी उत्तर देण्याची त्यांतील अनेकांची शक्ति नव्हती. त्यांनीं मोजलेली ही किंमत ध्यानांत ठेवून तरी त्या ज्ञानाचा उपयोग करावा.

म्हणून जेवतांना पानांत पडलेलें श्रीखंड हें, दिवसभर तोंडांत घोळणाऱ्या लिमलेटच्या गोळीपेक्षां दांतांना कमी बाधक असतें. दिवाळींत येतांजातां फराळाच्या डब्यांत हात घालण्याची लाडकी संवय, कचेरींतला तासातासाचा साखर घातलेला चहा, अभ्यास करतांना मुलांच्या तोंडांत असलेली चिक्की, यांपैकीं प्रत्येकानें आम्लाची नवी लाट येते आणि लाळेला उसंत मिळत नाहीं. सण वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. वेळ बांधून घेतली कीं पुष्कळ साधतें. तान्ह्या मुलाला गोड दुधाची बाटली तोंडांत देऊन निजविण्याची चाल याहून घातक आहे. झोपेंत लाळ अगदीं कमी सुटते, दूध पुढच्या दांतांभोंवतीं साचून राहतें, आणि दोनतीन वर्षांच्या मुलाचे वरचे दांत काळे खुंट होऊन बसतात. दुधाचे दांत पडायचेच आहेत अशी समजूत घालून घेणें बरें नव्हे, कारण त्यांच्या जागींच पुढचे दांत यावयाचे असतात, आणि दुखणाऱ्या दांतांचें मूल नीट जेवतहि नाहीं.

आतां घांसण्याविषयीं. राखुंडी, कोळशाची किंवा विटेची पूड, नुसतें मीठ हीं साधनें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. त्यांनीं दांत पांढरे दिसतात हें खरें, पण तीं खरखरीत असल्यामुळें इनॅमल झिजवितात. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी नीट चावून कुंचली केली तर ती इतकी वाईट नाहीं. दाढांच्या मागच्या बाजूस मात्र ती पोंचत नाहीं. सर्वांत अनिष्ट साधन मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दांतांना व हिरड्यांना लावावयाची, ही चाल महाराष्ट्रांत, विशेषतः स्त्रियांत, फार दिवसांची आहे. दांत घांसण्याच्या निमित्तानें ती सुरू होते. हिरडीवाटे निकोटीन रक्तांत जाऊं लागलें कीं सकाळची एक वेळ पुरेशी होत नाहीं, दुपारीं लागते, निजतांना लागते. पुढें गालाच्या आंत पांढरे चट्टे उठतात आणि कांहींच्या बाबतींत त्यांतूनच कर्करोग उद्भवतो. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास भारत सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायद्याचा हात पोंचत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या बाईला किंवा कामाला येणाऱ्या बाईला ही संवय असेल, तर तिची थट्टा करण्यापेक्षां तिचें तोंड एकदां डॉक्टरला दाखवावें. सुपारीलाहि निरुपद्रवी समजूं नये. तंबाखू न घालतां खाल्लेली सुपारीसुद्धां कर्करोगाचें कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं दिला.

ब्रश मऊ केसांचा असावा. तो हिरडी व दांत यांच्या सांध्यावर तिरपा टेकवून, जोर न देतां, लहान लहान हेलकाव्यांनीं फिरवावा. बाहेरची, आंतली आणि चावण्याची अशा तिन्ही बाजू घेण्यास दोन मिनिटें लागतात. उजव्या हातानें काम करणाराच्या उजव्या बाजूच्या दाढा बहुधा उपेक्षित राहतात, इकडे लक्ष असावें. केस वांकडे झाले, किंवा तीनचार महिने लोटले, म्हणजे ब्रश बदलावा. दोन दांतांच्या फटींत ब्रश शिरत नाहीं. तेथें रोज एकदां दोरा अथवा बारीक कुंचली फिरवावी. टांचणी आणि काड्यापेटींतील काडी यांचें तें काम नव्हे. सकाळीं घांसण्यास कोणी चुकत नाहीं, पण अधिक मोलाचें घांसणें रात्रीचें, कारण पुढले सात तास लाळेचा पहारा सैल असतो. त्यानंतर पाण्याखेरीज कांहींहि तोंडांत जाऊं नये.

हिरडींतून रक्त आलें कीं त्या जागीं ब्रश लावणें सोडून देण्याकडे माणसाचा कल असतो, आणि त्यानें दुखणें वाढतें. डेन्मार्कमधील आऱ्हूस येथें १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी हिरड्यांच्या १२ माणसांनीं दांत घांसणें बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घांसूं लागतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. तेव्हां रक्त दिसलें तर त्या जागीं हळुवारपणें पण अधिक नेमानें घांसावें. पंधरवड्यांतहि तें थांबलें नाहीं, तर तेथें कीटण जमलें असण्याचा संभव आहे. मऊ थर लाळेंतील खनिजांनीं टणक होऊन कीटण बनतें, आणि तें दंतवैद्याच्या हत्यारावांचून निघत नाहीं. मधुमेही माणसानें तर हिरड्यांकडे दुर्लक्ष करूंच नये; रक्तांतील साखर वाढली कीं हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यांत येऊं देत नाहींत.

पेस्टच्या चवीला व फेंसाला फारसें महत्त्व नाहीं. तींत फ्लोराइड आहे कीं नाहीं हें पाहावें. फ्लोराइडामुळें दांतांत परत मुरणारें खनिज आम्लाला अधिक दाद देईनासें होतें. घांसून झाल्यावर थुंकावें, पण लगेच खळखळून चूळ भरूं नये, म्हणजे औषध दांतांवर राहतें. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. हें प्रमाण सांगण्याचें कारण असें कीं, हेंच द्रव्य लहानपणीं पोटांत अधिक गेलें तर दांतांवर पांढरे व तपकिरी डाग पडतात. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवांत विहिरींच्या व विंधणविहिरींच्या पाण्यांत मुळांतच फ्लोराइड जास्त असल्यानें असे दांत पाहावयास मिळतात. अशा ठिकाणीं प्रथम पाणी बदलणें अवश्य असतें.

दाढ ठणकूं लागली म्हणजे लवंगेच्या तेलाचा बोळा क्षणभर आराम देतो. त्या आरामालाच बरें होणें समजून महिना काढणारे लोक शेवटीं दाढ गमावतात. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून धरूं नये, तिनें कातडें भाजतें. तोंडांतील व्रण किंवा चट्टा दोनतीन आठवड्यांत गेला नाहीं, तर तो दुखत नसला तरी दाखवावा. न दुखणारा व्रणच पुष्कळदां घात करतो. आणि खेळतांना मुलाचा कायमचा दांत मुळासकट पडला, तर तो फेंकून देऊं नये. मूळ न धरतां वरच्या टोंकानें उचलून, माती लागली असल्यास दुधानें किंवा पाण्यानें क्षणभर विसळून, शक्य तर त्याच खोबणींत बसवावा. तें न जमलें तर दुधाच्या पेल्यांत बुडवून अर्ध्या तासाच्या आंत दंतवैद्याकडे न्यावा. असा दांत पुन्हा रुजूं शकतो. दुधाचा दांत मात्र परत बसवीत नाहींत.